इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पर्यायांत पुण्याच्या सीओईपीचं मेकॅनिकल वर लिहू की सांगलीच्या वालचंदचं कॉम्प्युटर? घर कोल्हापुरात आहे.

नावाचंच म्हणाल तर सीओईपी. 1854 सालचं कॉलेज, 2022 पासून स्वतंत्र विद्यापीठ; सांगलीचं वालचंद 1947 चं. पण आपल्याकडची पोरं हल्ली नावापेक्षा ब्रँच बघून ठरवतात, आणि त्यात मला तरी काही चूक दिसत नाही. मेकॅनिकल मनापासून आवडत असेल तर गोष्ट वेगळी, नुसतं पुण्याचं म्हणून घेऊ नका. सांगली 50 किलोमीटरच्या आसपास. शनिवारी घरी येऊन तांबडा-पांढरा ओरपता येतो, हा मुद्दा मी गमतीत धरत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की तो पक्का, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. त्यामुळं पाहुण्यांना सांगायला भारी वाटतं ते नको, खरंच हवं तेच एक नंबरला टाका.