वाचकांचे प्रश्न : गळ्याखालची सूज, मेंढ्यांचे खूर आणि कोवळं गवत

प्रश्न : गणपती झाले की आमच्या म्हशीच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज येते. संध्याकाळी चरून आली की जास्त दिसते, सकाळी कमी. शेजारी घटसर्प म्हणतात. जंताची गोळी दिली, फरक नाही. अंगाने सुकत चालली आहे. (राजापूर तालुका)

उत्तर : सकाळी सूज ओसरते हे तुम्ही टिपलंत, त्यातच निम्मं निदान झालं. हा घटसर्प नव्हे. घटसर्पात सूज गरम आणि दुखरी असते, ताप 105 ते 107 अंश फॅरनहाइट चढतो, जनावर घोरल्यासारखा श्वास घेतं आणि अनेकदा 24 तासांत दगावतं. दरवर्षी येऊन महिनाभर टिकणारा घटसर्प नसतो. तुमच्या म्हशीची सूज थंड असणार. बोटाने दाबलीत तर खळगा पडून थोडा वेळ तसाच राहील. यकृतातले चपटे कृमी रक्त पितात, रक्तातली प्रथिनं घटतात आणि पाणी खाली उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ते जबड्याखाली साचतं, रात्री मान वर राहिली की ओसरतं. तरीही थर्मामीटर लावून खात्री करा. गुदद्वारात दोन मिनिटं धरा. साधारण 101.5 असेल तर घाबरू नका. 104 च्या वर असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून लगेच पशुवैद्यकाला बोलवा किंवा 1962 वर फोन करा.

कृमी येतो कुठून? बाधित जनावराच्या शेणातली अंडी पाण्यात फुटतात. पिल्लं कुणग्यातल्या (भातखाचरातल्या), व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) पातळ तपकिरी शिंपल्याच्या गोगलगायीत शिरतात, तिथे महिना-दोन महिने वाढतात आणि बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताला, भाताच्या बुंध्याला चिकटून बसतात. जनावर ते खातं. पोटातून यकृतात जाऊन पूर्ण वाढ व्हायला आणखी तीन-चार महिने जातात. जुलै-ऑगस्टमध्ये बांधावर चरलेल्या गुराचं दुखणं म्हणूनच दसरा-दिवाळीला वर येतं. गणपतीतच सूज दिसत असेल, तर गेल्या वर्षीचे कृमी यकृतात बसून आहेत असं समजा.

गोळी का लागू पडली नाही? फेनबेंडाझोल गोल जंतांवर चालतं, चपट्यांवर नाही. अल्बेंडाझोल मोठ्या मात्रेत दिलं तरी फक्त पूर्ण वाढलेले कृमी मारतं, यकृत पोखरत फिरणारी पिल्लं त्यातून सुटतात. पिल्लांवर ट्रायक्लाबेंडाझोल लागतं, किलोमागे 12 मिलिग्रॅम. ते ऑक्टोबरमध्ये द्या. जानेवारी-फेब्रुवारीत ऑक्सिक्लोझानाइड, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. मे महिन्यात आणखी एकदा दिलंत तर पावसाच्या पाण्यात अंडीच कमी पडतील. आधी शेण तपासून घ्या आणि औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच आणा. दूध किती दिवस वापरायचं नाही हे वेष्टनावर असतं, ते पाळा.

वजन नजरेने धरू नका. छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 660 ने भागा. उत्तर किलोत येतं. घेर 56 आणि लांबी 48 असेल तर वजन 228 किलो, म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल साधारण पावणेतीन ग्रॅम. कोकण कपिला गाय लहान चणीची, तिला संकरित गाईच्या अंदाजाने औषध पाजलं जातं ही नेहमीची चूक.

चराईसाठी वरकस (उंचावरची, पाणी न साचणारी) जागा निवडा. पाणथळ मळीत गुरं सोडू नका. पेंढ्याचा खालचा तिसरा भाग, जो पाण्यात उभा होता, तो कापून तीन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय गव्हाणीत टाकू नका. बदकं असतील तर कुणग्यात सोडा, गोगलगायी आवडीने खातात.

प्रश्न : घटसर्प आणि फऱ्याची लस नेमकी कधी द्यावी? (रोहा)

उत्तर : मेच्या पहिल्या पंधरवड्यात. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि पाऊस 7 जूनच्या आसपास दारात असतो. पहिली सर कोसळल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. फऱ्या बहुधा सहा महिने ते दोन वर्षांच्या धष्टपुष्ट गोऱ्ह्या-कालवडींना होतो. मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते, दाबली की चरचर वाजते. असं जनावर मेलं तर कापू नका, कातडं काढू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, नाहीतर जंतूंची बीजं जमिनीत वर्षानुवर्षं राहतात. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेलीच घ्या. बर्फात गोठलेली बाटली परत करा.

प्रश्न : दिवाळीनंतर घाटावरून आलेल्या धनगराकडून चार मेंढ्या घेतल्या. पावसाळ्यात लंगडतात, पातळ हगतात. (संगमेश्वर)

उत्तर : स्पष्टच सांगायचं तर किनाऱ्यावरचा पाऊस लोकरीच्या मेंढीला मानवत नाही. म्हणून तर कळप शेतात बसवायला येतात आणि पावसाआधी घाट चढतात. सिंधुदुर्गाची कन्याळ शेळी इथे अधिक टिकेल. आता घेतल्याच आहेत, तर पावसाआधी लोकर कातरा आणि जमिनीपासून तीन फूट उंच माच बांधा. पोफळीच्या पट्ट्यांत एक ते दीड सेंटिमीटर फट ठेवा. लेंडी खाली पडली पाहिजे, पाय अडकता कामा नये.

खुरांसाठी 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट. आधी माती धुवा, सुटलेला खुराचा भाग कापा, मग पाच मिनिटं त्यात उभं करा आणि तासभर कोरड्या जागी बांधा. गुरांना चालणारा मोरचूद (त्यात तांबं असतं) इथे नको. मेंढीला तांब्याची विषबाधा लवकर होते, आणि ती ते पाणी पिते. गाईचं खनिज मिश्रणही त्याच कारणाने देऊ नका.

हगवणीला सरसकट जंतनाशक पाजू नका. आधी खालची पापणी उलटून बघा. आतला भाग लाल असेल तर थांबा. पांढुरका असेल तर रक्त पिणारे जंत आहेत, त्याच मेंढीला औषध द्या. सगळ्यांना वारंवार दिलं की जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन होणाऱ्या रोगाची) लस मे महिन्यात द्या, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा.

प्रश्न : जूनमध्ये कोवळं गवत खाऊन बैल फुगतो. तेल पाजलं तर खोकतो. (देवगड)

उत्तर : तेल फुप्फुसात जातंय. जीभ ओढू नका, तोंड पाठीच्या रेषेपेक्षा वर नेऊ नका, घोट घोट पाजा, खोकला आला की थांबा. गोडेतेल अर्धा लिटर पुरे. बैलाचा पुढचा भाग उंचावर येईल असा उभा करा आणि डाव्या कुशीला चोळा. कूस ढोलासारखी ताणली आणि बैल तोंडाने श्वास घेऊ लागला, तर तेलात वेळ घालवू नका, पशुवैद्यकाला बोलवा. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात रानात सोडण्याआधी दोन-तीन किलो सुका पेंढा खाऊ घाला.