टोई म्हणजे राघूच का?

प्रश्न असा आहे: ‘आमच्याकडे पोपटाला राघूच म्हणतात. जंगलात फिरणारे मित्र मात्र “टोई” म्हणतात. हा राघूचाच दुसरा शब्द, की पक्षीच वेगळा?’

पक्षी वेगळा आहे. राघू किंवा कीर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लालभडक चोचीचा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला, गावात आणि पेरूच्या बागेत थव्याने उतरणारा पोपट. ही कंठी फक्त नराला असते. ‘पोपट’ हा शब्द या पक्ष्यालाही चालतो आणि त्याच्या सगळ्या भाऊबंदांनाही, म्हणून ‘टोई पोपट’ म्हणणं बरोबर आहे. ‘टोई राघू’ मात्र म्हणू नये, दोन पक्ष्यांची सरमिसळ होते.

टोईचं नाव तिच्या आवाजाशी जुळतं. उडता उडता ‘टुई? टुई?’ असं शेवटाला सूर चढवत, काही विचारल्यासारखी ती ओरडते. राघूचा कर्कश चीत्कार ज्याच्या कानात बसला आहे, त्याला हा गोड आवाज लगेच वेगळा कळतो. कुठे टोईया, तुईया असंही म्हणतात.

अंगानेही ती लहान. राघू शेपटीसह ४० सेंमीच्या आसपास, तर टोई सुमारे ३३, आणि त्यातही निम्म्याहून जास्त शेपटीच. नराचं डोकं लालसर जांभळं असतं आणि मानेकडे त्यावर निळी झाक चढत जाते. खाली काळी बारीक कंठी, खांद्यावर गडद तांबडा डाग. मादीचं डोकं राखी, गळ्याशी पिवळसर पट्टा, खांद्यावर डाग नाही. त्यामुळे नर-मादी या दोन जाती असाव्यात असं अनेकांना वाटतं. पिल्लांचं डोकं तर हिरवंच असतं, तिथे राघूचा भास होतो. अशा वेळी चोच बघावी: टोईची वरची चोच पिवळी-नारिंगी असते, राघूसारखी लाल नाही. पूर्ण वाढलेला पक्षी उडून चालला असेल तर निळ्या शेपटीचं पांढरं टोक बघावं. मला ही खूण सगळ्यांत भरवशाची वाटते.

टोई फक्त भारतीय उपखंडात आढळते. राघू शहरातही रमतो, टोईला रान लागतं: पानगळीचं जंगल, रानाला लागून असलेली शेतं. फळं, बिया, कणसं ती खातेच, पण पळस-सावर फुलले की पाकळ्या आणि मधावरही ताव मारते. थवा झाडांमधून विलक्षण वेगाने, वळणं घेत जातो. घरटं झाडाच्या ढोलीत, अंडी साधारण चार ते सहा.

आकाराने या पोपटांत सगळ्यांत मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला तो करण पोपट. त्याची मादीसुद्धा लाल डागाची असते, टोईची नाही.

राहिला ‘वेडा राघू’. तो पोपटच नव्हे. तारेवर बसून उडते किडे टिपणारा, मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून राहणारा तो हिरवा पक्षी. रंगामुळे राघूचं नाव त्याला चिकटलं असावं. आणि लोकगीतांतल्या राघूची जोडीदार मैना, तीही पोपटाची मादी नव्हे, ती साळुंकीच्या कुळातली.