वाचकांचे प्रश्न : युद्धकैदी म्हणजे गुन्हेगार का?

प्रश्न : तुरुंगातल्या कैद्यावर निदान गुन्ह्याचा आरोप तरी असतो. युद्धात पकडलेल्या सैनिकालाही कैदीच का म्हणतात? आणि तो पळताना सापडला तर?

उत्तर : घोटाळा शब्दाचा आहे. युद्धकैद ही शिक्षा नव्हे. सैनिकाने पुन्हा शस्त्र हाती घेऊ नये, एवढ्याचसाठी त्याला अडकवून ठेवतात. म्हणून त्याला मुदतही सुनावलेली नसते. प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब सोडून मायदेशी पाठवायचे, असे युद्धकैद्यांना कसे वागवायचे ते ठरवणाऱ्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम ११८ सांगते. युद्धगुन्ह्याचा खटला असेल तर मात्र त्याला थांबवून ठेवता येते.

पळण्याच्या बाबतीत हा फरक स्वच्छ दिसतो. पळताना सापडला, अगदी वारंवार पळाला, तरी शिक्षा फक्त शिस्तभंगाची. एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवस. पळण्यापुरते खोटे कागद केले किंवा साधे कपडे चढवले, तरी तेवढीच. पहारेकऱ्याला मारहाण केली की ही सवलत संपते. आणि कैदी आपल्या सैन्यात जाऊन मिळाला किंवा शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशाबाहेर पडला, तर पळणे यशस्वी धरतात. नंतरच्या लढाईत पुन्हा हाती लागला, तर जुन्या पलायनाबद्दल त्याला काहीही करता येत नाही! तुरुंग फोडणाऱ्याला कुठला कायदा एवढी मोकळीक देईल?

प्रश्न : पकडल्यावर काय सांगावेच लागते? घरी कसे कळते?

उत्तर : नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक. बाकी माहितीसाठी छळ तर नाहीच, धमकीही द्यायची नाही. हुद्दा लपवला तर हुद्द्याच्या सवलती जाऊ शकतात.

छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला एक कार्ड घरी आणि एक युद्धकैद्यांच्या मध्यवर्ती माहिती संस्थेला पाठवता आले पाहिजे. पुढे पत्रांवर मर्यादा घालायचीच झाली, तरी महिन्याला किमान २ पत्रे आणि ४ कार्डे द्यावीच लागतात. नाव अर्धवट किंवा क्रमांक चुकीचा असला की गाडे अडते, कारण एकाच नावाचे अनेक सैनिक असतात.

पकडलेला माणूस युद्धकैदी ठरतो की नाही, अशी गणवेशावरून किंवा कागदपत्रांवरून शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरण निर्णय देईपर्यंत त्याला युद्धकैदीच मानायचे. आणि युद्धकैद्याचे शिरस्त्राण आणि गॅस मास्कसुद्धा त्याच्याकडेच राहतात.