इथिडियम ब्रोमाइड बंद करून डीएनए जेलसाठी कोणता ‘सेफ’ डाय घ्यावा?

नमस्कार. तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या बायोटेक विभागात आजवर ईटीबीआर (इथिडियम ब्रोमाइड) वापरत आलात, आता प्राचार्यांनी ‘ते कॅन्सरवालं केमिकल’ बंद करायला सांगितलंय, तर ‘सेफ’ म्हणून मिळणाऱ्या डायपैकी कोणता घ्यावा आणि ते खरंच सेफ असतात का.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत 17 वर्षं जेल लावतेय, म्हणजे जेलीसारख्या थरातून विजेने डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करतेय; ते दिसावेत म्हणून डाय लागतो. उत्तराआधी माझाच एक प्रश्न: तुमच्याकडे जेल बघायला दिवा कोणता आहे? यूव्ही की निळा? डाय कोणता घ्यायचा ते बरंचसं यावरच ठरतं, आणि सुरक्षेचा मोठा भागही तिथेच आहे.

आधी ईटीबीआरबद्दल. हा रेणू चपटा असतो आणि डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकून बसतो. पाण्यात मोकळा असताना तो जेमतेम चमकतो, आत बसला की पाण्यापासून आडोसा मिळतो आणि चमक 20 पटींच्या आसपास वाढते. 1972-73 मध्ये ॲमस्टरडॅम आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळांनी तो ॲगरोज (जेल ज्याचं बनवतात तो पदार्थ) जेलसाठी वापरला आणि सगळ्या जगाने उचलला. डीएनएत घुसतो म्हणजे म्युटेशन (डीएनएत बदल) घडवू शकतो, ही भीती रास्तच आहे. पण एम्स टेस्टमध्ये (रसायन म्युटेशन घडवतं का हे बॅक्टेरियांवर तपासणारी चाचणी) ईटीबीआर नुसतं टाकलं तर फारसं काही होत नाही. यकृताचा अर्क मिसळला, म्हणजे शरीरात त्याचं जे रूपांतर होईल तसं होऊ दिलं, की मग ते जोरदार म्युटाजेनिक, म्हणजे म्युटेशन घडवणारं, ठरतं.

आता दुसरी बाजू. हेच रसायन ‘होमिडियम’ या नावाने आफ्रिकेत गुरांना टोचतात, ट्रिपॅनोसोम या परजीवीच्या आजारावर, 1950 च्या दशकापासून. डोस साधारण किलोमागे 1 मिलिग्रॅम. म्हणजे 300 किलोच्या गाईला 300 मिलिग्रॅम. तुमच्या 50 मिलीच्या जेलमध्ये नेहमीच्या प्रमाणाने 25 मायक्रोग्रॅम जातं. हिशोब केला तर एका गाईच्या सुईत 12,000 जेल मावतात! याचा अर्थ ते पिण्यालायक आहे असा नव्हे. गाईला एकदा टोचणं वेगळं आणि वर्षानुवर्षं थोडंथोडं अंगावर घेणं वेगळं. पण तयार जेलला हात लागला म्हणून रात्रभर झोप न येण्याचं कारण नाही. खरा धोका पावडरीत आहे. ती वजन करताना उडते आणि नाकात जाते. म्हणून पावडर कधीच मागवू नका. 10 मिलिग्रॅम प्रति मिलीचं तयार द्रावण मिळतं.

इतक्या वर्षांत मी लॅबमध्ये प्रत्यक्ष पाहिलेल्या इजा दोनच प्रकारच्या. एक, मायक्रोवेव्हमधून काढलेलं ॲगरोज फ्लास्क हलवताच उसळून हातावर येणं. दुसरी माझीच. क्लोनिंगसाठी यूव्ही दिव्यावर जेलमधले सलग 8 बँड, म्हणजे डीएनएच्या पट्ट्या, कापायचे होते. चेहऱ्यावर शील्ड होती, हातात ग्लोव्हज होते, पण ग्लोव्ह आणि ॲप्रनची बाही यांच्यामध्ये दोन बोटं जागा उघडी राहिली. संध्याकाळी दोन्ही मनगटांवर बांगडी घातल्यासारखा लाल पट्टा उठला आणि आठवड्याने तिथली कातडी सोलून निघाली. डाय निरपराध होता, भाजलं दिव्याने. शील्ड न लावणाऱ्याला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

आणि यूव्हीने माझं मनगट भाजतं तेव्हा खालच्या बँडमधल्या डीएनएचंही तेच होत असतं. शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात. अर्धा-एक मिनिट जेल 302 नॅनोमीटरच्या दिव्यावर ठेवून कापलं की लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडणं), ट्रान्सफॉर्मेशन (ते बॅक्टेरियात घालणं) सगळं नीट करूनही प्लेटवर बॅक्टेरियांच्या मोजक्याच कॉलनी येतात, आणि पोरं लायगेजला, म्हणजे जोडणाऱ्या एन्झाइमला, शिव्या देतात. निळ्या दिव्यावर ही भानगडच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नवीन दिवा घेण्याइतके पैसे असतील तर 470 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा ट्रान्सइल्युमिनेटर (जेलखालून उजेड टाकणारी पेटी), त्यावर अंबर रंगाचं झाकण आणि सायबर सेफ हा डाय. हा डाय 502 नॅनोमीटरला उजेड घेतो आणि 530 ला हिरवा सोडतो, निळ्या दिव्यासाठीच केल्यासारखा. एम्स टेस्टमध्ये तो ईटीबीआरपेक्षा बराच सौम्य ठरला आहे. विद्यार्थी टेबलाभोवती उभे राहून बँड आपल्या डोळ्यांनी बघू शकतात, शिकवायला हे फार सोयीचं पडतं.

दिवा बदलणं शक्य नसेल आणि जुना यूव्हीचा जेल डॉक (जेलचा फोटो घेणारं यंत्र) तसाच राहणार असेल, तर जेलरेड. यात इथिडियमचेच दोन रेणू एका दोऱ्याने जोडलेले असतात. रेणू इतका थोराड होतो की पेशीच्या पडद्यातून आत शिरत नाही, आणि ‘सेफ’ म्हणण्याचा आधार मुख्यतः हाच आहे. चमक नारिंगी, 600 नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे ईटीबीआरचा फिल्टर तसाच चालतो. निळ्या दिव्यावर मात्र जेलरेड जवळजवळ दिसत नाही. त्याचा भाऊ जेलग्रीन दिसतो. उलट चूकही सर्रास होते: सायबर सेफ आणायचा आणि ईटीबीआरच्या फिल्टरमधून बघायचा. फिल्टर हिरवा उजेड अडवतो, बँड पुसट दिसतात आणि डाय बाद ठरतो.

हे सगळे डाय 10,000 पट तीव्र येतात, म्हणजे 50 मिली जेलला 5 मायक्रोलिटर. अर्ध्या मिलीच्या बाटलीत असे 100 जेल निघतात. बाटलीची किंमत ऐकून डोळे फिरतील, तेव्हा 100 ने भागून बघा.

जेलरेडने मला पहिल्यांदा चांगलंच फसवलं. ईटीबीआरच्या सवयीने प्लास्मिड डायजेस्ट (एन्झाइमने कापलेलं बॅक्टेरियातलं गोल डीएनए) भरपूर लोड केला आणि बँडच्या जागी शेपट्या फुटलेले धूमकेतू दिसले. दोन दिवस आम्ही डीएनएजचा (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमचा) संसर्ग शोधत बसलो. दोष एवढाच की हा बोजड डाय डीएनएला धरून जेलमध्ये रखडतो, आणि डीएनए जास्त असला की ते उघड होतं. लोड निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर आणा. तरीही नीट आलं नाही तर जेल डायशिवाय चालवा आणि नंतर रंगवा: 50 मिली 0.1 मोलर मिठाच्या पाण्यात 15 मायक्रोलिटर डाय, अर्धा तास हलवत ठेवायचं. लॅडर (माहीत असलेल्या आकारांच्या तुकड्यांची मोजपट्टी) रेघ मारल्यासारखी येते.

नावांवर जाऊ नका. सायबर ग्रीन वेगळा, सायबर सेफ वेगळा. सायबर ग्रीन स्वतः फारसा म्युटाजेनिक नाही, पण ई. कोलायवरच्या प्रयोगात त्याने यूव्हीमुळे होणारी म्युटेशन वाढवलेली आढळली. आणि एखादा विक्रेता फक्त ‘सेफ डाय आहे मॅडम, बिनधास्त वापरा’ एवढंच सांगत असेल तर त्याच्याकडे सेफ्टी डेटा शीट मागा आणि एम्स टेस्ट यकृताच्या अर्कासकट केली आहे का ते विचारा. कागद आला नाही तर बाटली घेऊ नका. ग्लोव्हज कुठल्याही डायला लागतातच. यांतले बरेच डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले असतात, आणि डीएमएसओ कातडीतून स्वतः आत जाताना सोबत इतरांनाही नेतो.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फक्त तत्त्व दाखवायचं असेल तर मेथिलीन ब्लूसुद्धा पुरे. दिवा नको, साध्या उजेडात निळे बँड. डीएनए मात्र ईटीबीआरच्या कितीतरी पट जास्त लागतो.

बदल करण्याआधी एक गोष्ट नक्की करा. लॅबमध्ये अंधार करून हातातला यूव्ही दिवा फिरवा. आमच्याकडे केलं तेव्हा जेलचं टेबल बऱ्यापैकी स्वच्छ निघालं, पण फ्रिजचं हँडल, मायक्रोवेव्हचं बटण आणि रजिस्टरला दोऱ्याने बांधलेलं पेन नारिंगी चमकत होतं. लोक ग्लोव्हजसकट सगळीकडे हिंडत होते. तेव्हापासून एका हाताचा ग्लोव्ह काढून दार उघडायचं असा नियम केला.

उरलेलं ईटीबीआर सिंकमध्ये ओतू नका. त्यात ब्लीच टाकण्याची जुनी पद्धतही सोडा: रंग जातो, चमक जाते, पण तयार होणारे पदार्थही म्युटाजेनिक असू शकतात. जुना बफर ॲक्टिव्हेटेड चारकोलमधून गाळा. तो चारकोल, सुकवलेले जेल आणि अर्धवट बाटली हे सगळं जाड पिशवीत बंद करून, नाव-तारीख लिहून, घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे जाळायला द्या. गाडी यायला महिने लागतात, तोवर पिशवी कुलपाच्या कपाटात ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते दारावर लिहा.