वाचकांचे प्रश्न: रातकिडे मोबाइलात होते का वावरात?

प्रश्न: भाऊ, नमस्कार. माझा दारव्ह्याकडे मंडप-साउंडचा धंदा हाय. तुरीत डुकरं घुसून राहिले म्हणून सध्या रोज रातच्याला जागलीले जातो. पोरगी अकरावीत हाय, तिनं माझ्या मोबाइलात एकच इंग्रजी गाणं तीन जणांच्या आवाजात टाकून देलं, 'आय थिंक वुई आर अलोन नाऊ'. मी म्हटलं हे तर टिफनीचं गाणं, माझ्याजोळ याची कॅसेट होती, यवतमाळच्या बाजारातून घेतलेली. पोरगी म्हणते बाबा ते कव्हर हाय, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गायलेलं, खरं त्याच्या आधीचं. तिची मैत्रीण म्हणते ग्रीन डे नावाच्या अमेरिकन बँडच्या गायकाचं. आता खरं कोणाचं ते सांगजा. आन एक, त्यातल्या जुन्या गाण्यात मधातच रातकिडे वाजतात. मचाणावर मी दोनदा हेडफोन काढून पाहिला का बाप्पा वावरातलेच तर नाही. बाकी दोघांत नाही वाजत. काऊन?

उत्तर: भाऊ, रातकिडे मोबाइलातच होते. साउंडवाल्याचे कान ते, चुकणार कसे.

पोरगी बरोबर आहे. गाणं पहिल्यांदा आलं १९६७ च्या जानेवारीत, गाणारा टॉमी जेम्स आणि त्याचा बँड शॉन्डेल्स, लिहिणारा रिची कॉर्डेल. टॉमी तेव्हा १९ वर्षांचा. अमेरिकेत खपाऊ गाण्यांची बिलबोर्ड नावाची यादी निघते, तिच्यात ते चौथ्या नंबरापर्यंत गेलं. गाण्यातली गोष्ट एवढीशी आहे, दोन पोरं, मोठे लोक त्यांना सारखं नीट वागा नीट वागा म्हणून राहिले, मग ती हात धरून अंधारात पळतात आणि म्हणतात आता आपण दोघंच आहो असं वाटते. पुढे म्हणतात की आता फक्त काळजाची धडधड ऐकू येते, आणि तिथंच मागे खरोखरची धडधड येते आणि तुमचे ते रातकिडे.

आता ही गोष्ट तुमच्याइतकी कोणाला कळणार, शहरातल्याला रातकिडे म्हणजे नुसता रात्रीचा आवाज, पण जागलीवर बसणाऱ्याला माहीत असते की रातकिडे गप्प कधी होतात, कोणी जवळ आलं की. डुक्कर धुऱ्यावर आलं का तिकडची किरकिर बंद, माणूस आला तरी बंद. म्हणजे किरकिर चालू आहे तोवर कोणी येऊन नाही राहिलं. त्या दोन पोरांना गाण्यात हेच तर पाहिजे ना. म्हणून मला ते रातकिडे शोभेचे नाही वाटत, सगळ्या गाण्यात सगळ्यात खरं बोलणारे तेच वाटतात, आणि नंतरच्यांनी ते काढले तिथं माझ्या मते गाण्यातलं वावरच गेलं.

पण टिफनीला कमी लेखू नका, पोरीलाही सांगा. १९८७ साली ती जेमतेम १५-१६ ची, जॉर्ज टोबिन नावाच्या प्रोड्युसरनं तिच्याकडून हे गाऊन घेतलं, की-बोर्ड आणि मशीनच्या तालावर. गाणं कोणी घेईना तर तिला थेट मॉलमॉलमध्ये गायला पाठवलं, सुरुवात न्यू जर्सीतल्या पॅरामसपासून. मला तर हे चित्र लय आवडते, आजूबाजूला पिशव्या घेतलेली गर्दी, लेकरं आइस्क्रीम खाऊन राहिले, आणि मधात ही एकटी पोरगी माईक धरून म्हणते आता आपण दोघंच. आपल्याकडं आठवडी बाजारात वांग्याच्या पालाशेजारी उभं राहून गावं तसं. आणि चाललं ना, नोव्हेंबर १९८७ मध्ये दोन आठवडे अमेरिकेत एक नंबर! जे टॉमीला चौथ्यावर थांबलं ते हिनं वर नेलं. शब्द तेच, पण १९ वर्षांच्या पोराच्या तोंडून मोठ्यांची टोकाटोकी ऐकणं आणि १६ च्या पोरीच्या तोंडून ऐकणं यात किती फरक पडते ते तुमच्या घरात अकरावीची पोरगी आहे, मी कायले सांगू.

पुढची गंमत ऐका. टिफनीला एक नंबरवरून खाली कोणी ढकललं, तर बिली आयडल नावाच्या रॉक गायकाच्या 'मोनी मोनी'नं. आणि 'मोनी मोनी' मूळ कोणाचं, टॉमी जेम्सचंच, १९६८ चं! म्हणजे एकाच माणसाच्या दोन जुन्या गाण्यांची दोन कव्हरं लागोपाठ गादीवर, आणि हा माणूस घरी बसून पाहून राहिला. त्याहून मोठी गंमत म्हणजे ज्या 'हँकी पँकी'नं टॉमीचं नाव झालं, १९६६ मध्ये एक नंबर, ते गाणं त्याचं नव्हतंच, जेफ बॅरी आणि एली ग्रीनविच या जोडीचं होतं आणि रेनड्रॉप्स या नावानं त्यांनी ते आधीच काढलेलं होतं. तर ओरिजनलवाला स्वतः कव्हरवर मोठा झालेला.

मैत्रिणीचंही अगदीच खोटं नाही. ग्रीन डेच्या बिली जो आर्मस्ट्राँगनं मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागलं तेव्हा, घरी बसून कव्हर गाणी टाकायला सुरुवात केली, त्यातलं पहिलं हेच. तेव्हा 'अलोन'चा अर्थच पालटला, पळून जायचं कुठं, दारात पोलीस. त्याच्या मधात २००६ मध्ये इंग्लंडच्या गर्ल्स अलाउडनी गायलं, १९७७ मध्ये रुबिनूजनी, १९७८ मध्ये लीन लोविचनं, पण ते तुमच्या मोबाइलात नाही म्हणून सोडतो. लोविचचं मात्र एकदा ऐका, भुतानं पछाडल्यावाणी गाते. पोरीला हे गाणं सापडलं असेल ते बहुतेक २०१९ च्या 'द अंब्रेला अकॅडमी' या वेब सिरीजमधून, त्यात टिफनीचंच वाजते आणि एकाच घरातली भावंडं आपापल्या खोलीत एकेकटी नाचतात.

आणि तुमची कॅसेट जपा. टिफनीचं होतं ना तिच्यात, मग नक्की टिफनीच गात होती का ते एकदा लावून पाहा. त्या काळी आपल्याकडं व्हर्जन गाण्यांचं पीक आलं होतं, मूळ गाणं निघून दोन वर्षं झाली की रॉयल्टी भरून दुसऱ्याच्या आवाजात काढायची कायद्यात सोय होती, स्वस्त कॅसेटचा धंदा त्याच्यावर उभा राहिला. कुमार सानूनं किशोरची गाणी अशीच गायली, सोनू निगमनं रफीची. मी एकदा जत्रेतून किशोरचा फोटो पाहून कॅसेट आणली, घरी लावली तर आवाज भलत्याचाच. आईनं मात्र तीच तीन वर्षं ऐकली, नंतर खरा किशोर ऐकवला तर म्हणे हा बरा नाही गात.

प्रश्न: मी वर्धा जिल्ह्यातली, बीएला आहे. याच गाण्याच्या चालीवर मराठी शब्द लिहून यूट्यूबवर टाकायचे आहेत. चालते का? जुनं गाणं आहे म्हणून फ्री असेल ना?

उत्तर: नाही ताई. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात हे आधी लक्षात ठेवा, एक शब्द-चालीचा, तो लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या प्रकाशकाचा, दुसरा त्या एका रेकॉर्डिंगचा, तो कंपनीचा. तुम्ही स्वतः गाता म्हणजे दुसरा लागत नाही, पण पहिला लागतोच. आपल्याकडं भारतीय कायद्याप्रमाणे गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालते, तर १९६७ चं गाणं फ्री कुठून असणार. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी कडक केलं, कव्हर काढायचं तर मूळ गाणं निघून पाच कॅलेंडर वर्षं व्हायला पाहिजे, आधी नोटीस, आधी रॉयल्टी, आणि ते कव्हर आहे असं ठळक लिहायचं. पण तुमची अडचण याच्याही पुढची आहे, त्या सोयीत शब्द बदलायची परवानगी नाही. मराठी शब्द घातले की ते भाषांतर नाहीतर रूपांतर, त्याला मालकाची वेगळी परवानगी पाहिजे. इंग्रजीतच गायलं तर यूट्यूबचं मशीन बहुतेक चाल ओळखते, मग जाहिरातीचे पैसे प्रकाशकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. मी तर म्हणतो चाल स्वतःची करा, जागलीवर आणि पळून जाणाऱ्या पोरांवर वऱ्हाडीत लिहा, त्या विषयावर कोणाचा मालकी हक्क नाही.

प्रश्न: चांदूर रेल्वेकडे आमची बँडपार्टी आहे. वरातीत असली गाणी वाजवली तर लायसन लागते का? एक जण पावती फाडायला आला होता.

उत्तर: वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सुटीत आहेत, धार्मिक विधीसोबत वरातीचं नाव तिथं लिहिलेलं आहे. त्या कलमाची एक प्रिंट काढून पेटीत ठेवा, पुन्हा कोणी आलं तर दाखवा. हॉटेलात तिकीट लावून ऑर्केस्ट्रा केला तर मात्र ही सुटी नाही.