डेव्हिड बोवी खरंच नट होता, की रॉकस्टार म्हणून त्याला सिनेमे मिळाले?

तुम्ही विचारलंय की 'द प्रेस्टीज'मधला निकोला टेस्ला म्हणजे डेव्हिड बोवी, हे सिनेमा संपल्यावर कळलं. तर हा गायक मुळात नट होता की नावावर भूमिका मिळवत होता, आणि त्याचं काम बघायचं तर काय बघावं?

नट होता. पण सरसकट नव्हे. त्याच्या भूमिका ओळीने बघितल्या की एक गोष्ट ठळक दिसते. संवाद कमी दिले, नुसतं उभं राहायचं आणि बघायचं एवढंच काम दिलं, की समोरच्या मुरलेल्या नटाकडे आपलं लक्ष जात नाही. साधासरळ, बोलका नायक दिला की तोच माणूस अवघडतो, हातांचं काय करायचं हे त्याला कळत नाही. गायक म्हटला की आपण आवाजाकडून अपेक्षा धरतो. याचं बळ मात्र अंगात होतं.

ते आलं कुठून? १९६७ साली, म्हणजे कोणी ओळखत नव्हतं तेव्हा, तो लंडनमध्ये लिंडसे केम्पकडे शिकायला गेला. केम्प नाचणारा, मूकाभिनय करणारा, थोडा वेडा, आणि रंगमंचावर श्वाससुद्धा मोजून घ्यायला लावणारा माणूस. त्याच वर्षाच्या शेवटी केम्पच्या मूकनाट्यात बोवीने कामही केलं. त्याच सुमारास 'द इमेज' नावाचा जेमतेम चौदा मिनिटांचा कृष्णधवल लघुपट त्याने केला. एका चित्रकाराला त्यानेच रंगवलेल्या चित्रातला मुलगा छळतो, अशी गोष्ट. बोवी तो मुलगा. तोंडी एक वाक्य नाही. पडद्यावरची सुरुवातच मुक्याने झाली म्हणा ना.

पुढे गाण्याच्या मंचावर झिगी स्टारडस्ट वगैरे सोंगं आली, म्हणजे त्याने स्वतःच रचलेली पात्रं, रंगवलेले चेहरे आले. पुष्कळ लोक म्हणतात की तो गाण्यातही अभिनयच करत होता, मग सिनेमात वेगळं काय केलं? मला हे पटत नाही. झिगी त्याचाच होता: शब्द त्याचे, कपडे त्याच्या पसंतीचे, आणि ३ जुलै १९७३ला लंडनमध्ये भर कार्यक्रमात त्याने झिगीला संपवलं तेही स्वतःच्या मर्जीने. नटाला ही सोय नसते. दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य, तिसऱ्याने ठरवलेली जागा, आणि कंटाळा आला म्हणून पात्र मारून टाकता येत नाही.

पहिला मोठा सिनेमा मिळाला तो एका माहितीपटामुळे. बीबीसीसाठी ॲलन येंटोबने १९७४च्या अमेरिका दौऱ्यात बोवीचं चित्रण केलं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला, पांढराफटक, कोकेनने पोखरलेला, दुधाचा खोका हातात धरून खिडकीबाहेर बघणारा बोवी. दिग्दर्शक निकोलस रोगने ते पाहिलं आणि त्याला आपला परग्रहवासी सापडला. 'द मॅन हू फेल टू अर्थ' (१९७६) मधला थॉमस जेरोम न्यूटन हा पाण्याच्या शोधात पृथ्वीवर आलेला प्राणी आहे. माणसांत राहतो, पैसा कमावतो, दारूत बुडतो. रोगने अभिनय करवून घेतला असं म्हणणं धाडसाचं होईल. त्याने त्या माणसाचं हरवलेपण जसंच्या तसं उचललं. बोवीचा खरा ड्रायव्हरच सिनेमात न्यूटनचा ड्रायव्हर झाला! आणि डोळे: शाळेत असताना एका मित्राच्या ठोशामुळे बोवीच्या डाव्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारलेली राहिली होती. रंगभूषाकाराचं निम्मं काम त्या ठोशाने आधीच केलेलं.

मग १९७८चा 'जस्ट अ जिगोलो'. यात जुन्या जमान्याची तारका मार्लेन डीट्रिच आहे, पण तिचे प्रसंग पॅरिसमध्ये घेतले आणि बोवीचे बर्लिनमध्ये; दोघं एकमेकांना भेटलेच नाहीत, संकलकाने जोडून दिलं. सिनेमा पडला. रॉकस्टार एल्विस प्रेस्लीने केलेले सगळे भिकार सिनेमे मी या एकातच उरकले, अशा अर्थाचं बोवी स्वतःच पुढे म्हणायचा. इथे त्याला 'देखणा तरुण' करायला दिलं होतं, बस.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. १९८० साली बोवीने नाटक केलं. बर्नार्ड पॉमरन्सचं 'द एलिफंट मॅन', दिग्दर्शक जॅक हॉफसिस. व्हिक्टोरियन लंडनमधला जोसेफ मेरिक (नाटकात त्याला जॉन म्हटलंय) हा भयंकर विद्रूप झालेला माणूस. जत्रेत तिकीट लावून त्याला दाखवत, पुढे फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज या डॉक्टरने त्याला इस्पितळात आसरा दिला. जुलैच्या अखेरीस डेन्व्हरमध्ये प्रयोग सुरू झाले, मग शिकागो, आणि २३ सप्टेंबरपासून ब्रॉडवेवरचं बूथ थिएटर. ते आठशेपेक्षा कमी खुर्च्यांचं आहे. हजारोंच्या गर्दीपुढे गाणारा माणूस इथे शेवटच्या रांगेतल्यालाही चेहरा दिसेल एवढ्या अंतरावर उभा.

या नाटकाची अट अशी की मेरिकच्या भूमिकेला रंगभूषा नाही. रबराचे गोळे नाहीत, मुखवटा नाही. सुरुवातीच्या एका प्रसंगात ट्रीव्ह्‌ज व्याख्यान देतो, मागे पडद्यावर खऱ्या मेरिकची छायाचित्रं दिसतात, आणि लंगोटीतला धडधाकट नट एका बाजूला उभा असतो. डॉक्टर एकेक व्यंग सांगत जातो तसा नट आपलं शरीर वाकवत जातो. डोक्याचं ओझं, निकामी उजवा हात, खचलेली कंबर. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत माणसाचा मेरिक होतो आणि पुढचं सगळं नाटक त्याच आकारात. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण शब्द मात्र कळले पाहिजेत.

वाचायला सोपं वाटतं. मी हौशी रंगभूमीवर काही वर्षं लुडबूड केली आहे. एकदा तालमीला बाकीचे यायच्या आत मी हे करून बघितलं. उजवा खांदा पाडला, कंबर एकीकडे, हात लुळा, ओठ कोपऱ्यात ओढले आणि पाठ असलेलं एक स्वगत म्हणायला लागलो. चौथ्या मिनिटाला पाठीत कळ आली. त्याहून लाजिरवाणं म्हणजे थोड्या वेळाने आरशात बघितलं तर खांदा कधीच वर आलेला, आणि मला पत्ताच नाही. मी शब्दांच्या मागे गेलो आणि शरीर आपल्या जागी निघून आलं. बोवी हे आठवड्याला आठ प्रयोग, महिनोन्‌महिने करत होता. केम्पने शिकवलेलं इथे कामी आलं असणार. नुसत्या करिष्म्यावर खांदा खाली राहत नाही.

तयारीही त्याने मन लावून केली. लंडनच्या ज्या इस्पितळात मेरिक राहिला आणि १८९०मध्ये वारला, तिथे जाऊन त्याने मेरिकच्या वस्तू पाहिल्या. त्यात मेरिकने एका चांगल्या हाताने बनवलेलं पुठ्ठ्याचं चर्चही आहे. नाटकात मेरिक तेच चर्च बांधत असतो, प्रसंगागणिक एकेक तुकडा. म्हणजे वाकडं शरीर सांभाळत डाव्या हाताने नाजूक काम करायचं, आणि तेही बोलता बोलता.

आपल्याकडे संगीत नाटकात गाणाऱ्या नटाला पद आलं की वन्स मोअर मिळायचा आणि अभिनयाची उधारी तिथल्या तिथे फिटायची. बोवीला इथे एकही गाणं नव्हतं. गंमत म्हणजे ऑगस्टमध्ये त्याचं 'ॲशेस टू ॲशेस' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, आणि तो शिकागोत रोज संध्याकाळी कंबर वाकवून उभा. ८ डिसेंबरला त्याचा मित्र, बीटल्समधला जॉन लेनन, याचा न्यूयॉर्कमध्येच खून झाला. तरी ३ जानेवारी १९८१पर्यंत बोवी त्याच शहरात प्रयोग करत राहिला. समीक्षक बहुतेक सगळे खूश होते. गायकाची हौस म्हणून टोपी उडवायला आलेलेही.

योगायोग असा की १९८०च्याच ऑक्टोबरमध्ये डेव्हिड लिंचचा मेरिकवरचा सिनेमा आला, नावही तेच. त्यात जॉन हर्टला तासन्‌तास बसवून चेहऱ्यावर जड रंगभूषा चढवली होती. हर्ट ग्रेटच आहे, वाद नाही. पण एकाच मोसमात एकाच शहरात एकीकडे चेहरा पूर्ण झाकून आणि दुसरीकडे काहीच न झाकता तोच माणूस उभा केला गेला, हे नाटकवाल्याला विसरता येत नाही. पुढे १९९२ला लिंचने 'ट्विन पीक्स'च्या सिनेमात बोवीला घेतलं. काही मिनिटांचीच भूमिका, डोक्यात भुंगा सोडून जाणारी.

नाटकाचे थोडे तुकडे चित्रित झालेले आहेत, त्यावरच तहान भागवावी लागते. पण त्या नाटकामुळे एक सिनेमा मिळाला. जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमाने बोवीला ब्रॉडवेवर पाहिलं आणि 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स'मध्ये (१९८३) मेजर जॅक सेलियर्सची भूमिका दिली. जावामधली जपानी युद्धकैद्यांची छावणी. समोर कॅप्टन योनोईच्या भूमिकेत र्‍युइची साकामोतो, म्हणजे तोही संगीतकारच. सिनेमाचं संगीतही त्याचंच. शिवाय ताकेशी कितानो, जो तेव्हा जपानमध्ये विनोदी कलाकार म्हणून माहीत होता. म्हणजे मुख्य माणसांपैकी तिघं मुळात नट नव्हेत. ओशिमा फार टेक घेत नसे, एक-दोनमध्ये संपवायचा.

यातला एक प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन. सेलियर्स कोठडीत आहे, थोड्या वेळाने गोळ्या घालायला नेणार. तो दाढी करायला लागतो. वस्तरा नाही, साबण नाही, आरसा नाही. हातात काही नसताना गाल ताणून तो दाढी करतो, मग नसलेला चहा पितो, नसलेली सिगारेट ओढतो. विनोदासाठी नाही आणि रडवायलाही नाही. रोज सकाळी करतो तसं. पहारेकरी बुचकळ्यात. १९६७ साली शिकलेला धडा हा माणूस सोळा वर्षांनी मृत्यूच्या दारात गिरवतोय. दुसरा प्रसंग प्रसिद्ध आहे: योनोई एका कैद्याचं डोकं उडवायला निघालेला असताना सेलियर्स रांगेतून शांतपणे चालत येतो, मध्ये उभा राहतो आणि योनोईच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतो. तिथे चित्र अडखळत पुढे सरकतं. तो कॅमेऱ्यातला बिघाड होता. ओशिमाने तसाच ठेवला. संवाद शून्य.

बाकीचं भराभर. ब्रेख्टचं 'बाल' हे नाटक बीबीसीसाठी (१९८२), गलिच्छ दात आणि बँजो, जरूर बघा. 'द हंगर'मध्ये दवाखान्यात वाट बघत बसल्या बसल्या तो म्हातारा होतो, तेवढा प्रसंग उत्तम. बाँडपटाचा खलनायक व्हायला त्याने नकार दिला, ती भूमिका ख्रिस्तोफर वॉकेनने केली, आणि ते बरंच झालं. 'लॅबिरिंथ' (१९८६) आला तेव्हा सपाटून पडला, आता त्याच्यावर एक पिढी जीव टाकते. त्यात तो हातावर स्फटिकाचे गोळे फिरवतो ना, ते हात त्याचे नाहीत! मायकेल मोशेन नावाचा कसबी माणूस त्याच्या मागे दडून, काही दिसत नसताना, हात पुढे काढून ते गोळे फिरवत होता. मी एवढा वेळ बोवीच्या देहबोलीचे गोडवे गातोय आणि त्याचे सगळ्यात गाजलेले हात उसने.

'बास्किया' या सिनेमात (१९९६) तो अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल झाला, वॉरहॉलचा खरा टोप आणि खरा चष्मा घालून. वॉरहॉलवर त्याने १९७१मध्ये गाणं केलं होतं, ते वॉरहॉलला आवडलं नव्हतं. पंचवीस वर्षांनी त्याचाच टोप डोक्यावर.

तुमचा टेस्ला २००६चा. बोवीने आधी नाही म्हटलं होतं, दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन स्वतः न्यूयॉर्कला जाऊन त्याला पटवून आला. पुन्हा बघा: विजेच्या लोळांतून तो बाहेर येतो तेव्हा जराही घाई नाही, अंग चोरणं नाही. मग पाहुण्याचा हात धरून त्याच्या दुसऱ्या हातातला दिवा पेटवतो. इतर नट असता तर चेहऱ्यावर 'बघितलंस?' असा भाव आला असता.

सगळ्यात शेवटी तो पुन्हा रोगच्या सिनेमातल्या न्यूटनकडे गेला. एन्डा वॉल्शबरोबर 'लॅझरस' हे संगीत नाटक लिहिलं. न्यूटनची भूमिका मायकेल सी. हॉलने केली. ७ डिसेंबर २०१५ला न्यूयॉर्कमध्ये त्याच्या शुभारंभाला बोवी लोकांसमोर दिसला तो शेवटचाच. १० जानेवारीला तो गेला.

तर क्रम असा धरा: आधी ओशिमाचा सिनेमा, मग रोगचा, मग 'बाल'. नाटकाचे जे तुकडे मिळतील ते आवाज बंद करून एकदा बघा. 'लॅबिरिंथ' मुलांबरोबर. 'जिगोलो' सगळं बघून झाल्यावर एखादी संध्याकाळ वाया घालवायची असली तर.