ग्लुकोज तेच, मग पचनात एवढा फरक का?

प्रश्न : स्टार्च आणि सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ केवळ ग्लुकोजपासून बनतात, असे वाचनात आले. तसे असेल, तर आपल्याला स्टार्च पचतो आणि सेल्युलोज पचत नाही, हे कसे?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. दोन्हींचे एकक ग्लुकोजच आहे. फरक आहे तो एकके कोणत्या दिशेने जोडली गेली आहेत याचा. रेणूच्या घडणीत अणूंच्या संख्येइतकेच त्यांच्या दिशेलाही महत्त्व असते, हे दाखवणारे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्लुकोजच्या रेणूत 6 कार्बन, 12 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन अणू असतात. पाण्यात त्याचे बहुतेक सर्व रेणू कड्याच्या रूपात असतात. हे कडे तयार होताना पहिल्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी) दोनपैकी एका बाजूला वळतो. सहाव्या कार्बनच्या विरुद्ध बाजूला असल्यास त्या रूपाला अल्फा म्हणतात आणि त्याच बाजूला असल्यास बीटा. मोकळ्या ग्लुकोजमध्ये ही रूपे सतत एकमेकांत बदलत असतात, परंतु एकक साखळीत गुंफले गेले की त्याची दिशा पक्की होते.

साखळी तयार होताना एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनशी ऑक्सिजनमार्फत जोडला जातो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. स्टार्चमध्ये हा बंध अल्फा असल्यामुळे साखळी वळत जाऊन मळसूत्राचा आकार घेते. स्टार्चवर आयोडीनचे द्रावण टाकले की गडद निळा रंग येतो, तो या मळसूत्राच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसल्यामुळेच. सेल्युलोजमध्ये बंध बीटा असतो. तेथे प्रत्येक एकक शेजारच्या एककाच्या तुलनेत 180 अंशांनी फिरलेले असते, त्यामुळे साखळी सरळ राहते आणि अशा अनेक साखळ्या हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एकीवरील हायड्रोजन आणि दुसरीवरील ऑक्सिजन यांच्यातील आकर्षणाने, एकमेकींना घट्ट चिकटतात. एकेकटा हायड्रोजन बंध दुबळाच, पण असंख्य बंध एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा चिवट तंतू तयार होतो आणि वनस्पतीच्या पेशीभित्तिका त्याच्याच आधारावर उभ्या राहतात.

आता पचनाविषयी. पचन म्हणजे येथे त्याच बंधात पाण्याचा रेणू पुन्हा घालून साखळी तोडणे, आणि ते काम एन्झाइमे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, करतात. आपल्या लाळेतील व स्वादुपिंडाच्या स्रावातील अमायलेज या स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमची खाच अल्फा बंधासाठी घडलेली आहे. बीटा बंध तिच्यात नीट बसत नाही. एन्झाइम आणि त्याचा पदार्थ यांच्या या नात्याला जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1894 मध्ये कुलूप आणि किल्लीची उपमा दिली होती. एन्झाइमचा आकारही थोडाफार जुळवून घेतो, हे पुढे लक्षात आले असले, तरी उपमेचा गाभा टिकून आहे.

गायीला गवत पचते ते तिच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीवांमुळे, कारण सेल्युलोज तोडणारी एन्झाइमे त्यांच्याकडे असतात. आपल्या मोठ्या आतड्यातील जीवाणूही आहारातील तंतूंचा काही भाग आंबवून त्यांपासून लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात, त्यामुळे न पचणारे तंतू निरुपयोगी आहेत असे समजू नये. या आम्लांपैकी ब्युटिरेट हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे.